शेतकऱ्यासाठी कोण ठरवणार? टांझानियाच्या विकासचर्चेचा आढावा

जुलै 2020 मध्ये जागतिक बँकेने टांझानियाला अल्प उत्पन्न गटातून काढून निम्न-मध्यम उत्पन्न गटात घातले. 2019 चे दरडोई राष्ट्रीय उत्पन्न 1,080 डॉलर भरले होते आणि त्या वर्षीचा उंबरठा 1,036 डॉलरचा होता. दार-एस-सलाममध्ये आनंद झाला, कारण हे उद्दिष्ट सरकारने 2025 साठी ठेवले होते. पण त्याच बँकेच्या 2018 च्या हिशेबानुसार देशातली जवळजवळ निम्मी माणसे दिवसाला 1.90 डॉलरपेक्षा कमी खर्चात जगत होती. वीस वर्षे अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी सहा-सात टक्क्यांनी वाढत असताना हे कसे घडते, हा टांझानियाविषयीच्या आजच्या चर्चेतला मध्यवर्ती प्रश्न आहे.

प्रश्न आजचा असला तरी वाद जुना आहे. आफ्रिकेतल्या फार थोड्या देशांवर विकासाच्या अभ्यासकांनी इतके लिहिले आहे. इथे समाजवादाचा एक मोठा प्रयोग झाला, मग बाजाराचा झाला, मग राष्ट्रवादी राज्यसत्तेचा झाला. या तिन्ही पर्वांतून एक धागा जाताना मला दिसतो, आणि या आढाव्यात मी तो धरून ठेवणार आहे. देशातले बहुसंख्य लोक शेतीवर जगतात. त्यांनी कुठे राहावे, काय पिकवावे, कोणाला विकावे आणि जमीन कोणाच्या नावे असावी, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा की दुसऱ्या कोणाचा? उत्तर देणारे बदलत गेले, पण प्रश्न तिथेच राहिला.

उजामाची वर्षे

टांगानिका 9 डिसेंबर 1961 रोजी स्वतंत्र झाला आणि एप्रिल 1964 मध्ये झांजिबारशी जोडला जाऊन टांझानिया झाला. पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्यासमोर एक कोटीच्या आसपास लोकसंख्येचा, विखुरलेल्या वस्त्यांचा आणि जवळजवळ कारखाने नसलेला देश होता. अज्ञान, दारिद्र्य आणि रोग हे तीन शत्रू त्यांनी जाहीर केले. फेब्रुवारी 1967 च्या अरुशा जाहीरनाम्याने दिशा पक्की केली: बँका आणि मोठे उद्योग राष्ट्राच्या मालकीचे, नेत्यांवर संपत्ती जमवण्याची बंदी, परदेशी पैशापेक्षा स्वतःच्या श्रमावर भर, आणि खेड्यांत उजामा, म्हणजे एका कुटुंबासारखे एकत्र राहणे व कसणे.

या कल्पनेचा एक जिवंत नमुना जाहीरनाम्याआधीच उभा होता. दक्षिणेकडच्या रुव्हुमा भागात लिटोवा आणि आसपासच्या काही गावांनी स्वतःहून एकत्र येऊन सामूहिक शेती, स्वतःची गिरणी आणि स्वतःच्या पद्धतीची शाळा चालवली होती. न्येरेरे त्यांचे चाहते होते. तरीही सप्टेंबर 1969 मध्ये सत्ताधारी टानू पक्षाने त्यांची संघटना बरखास्त केली, कारण गावकरी स्वतः निर्णय घेत होते आणि पक्षाच्या प्रादेशिक अधिकाऱ्यांना ते मानवत नव्हते. पुढच्या साऱ्या इतिहासाची दिशा मला या छोट्या घटनेत दिसते. उजामाचे समर्थक आणि टीकाकार दोघेही तिचा दाखला देतात. पहिले म्हणतात कल्पना खरी होती, दुसरे म्हणतात राज्यसत्तेला ती पेलणारी नव्हती.

स्वेच्छेने गावे वसण्याचा वेग सरकारला कमी वाटू लागला. नोव्हेंबर 1973 मध्ये न्येरेरे यांनी जाहीर केले की 1976 अखेर सर्वांनी गावांत राहायला जायचे, आणि हा आदेश आहे. पुढच्या तीन वर्षांत किमान 50 लाख माणसे हलवली गेली. शाळा, दवाखाना, पाणी एका जागी देता यावे हा हेतू सांगितला गेला, आणि तो खोटा नव्हता. पण अनेक ठिकाणी जुनी घरे पाडली किंवा जाळली गेली, नवी गावे रस्त्याकडेला सरळ रेषेत आखली गेली, आणि शेतकऱ्याची शेते, गोठे व फळझाडे मैलोन् मैल मागे राहिली. त्याच सुमारास 1973-74 चा दुष्काळ आला. 1974-75 मध्ये धान्याची मोठी आयात करावी लागली.

दुसरा घाव बाजारपेठेवर पडला. निवडून आलेल्या स्थानिक संस्था 1972 मध्ये आणि शेतकऱ्यांचे जुने सहकारी संघ 1976 मध्ये मोडीत काढले गेले. एकेका पिकासाठी सरकारी महामंडळे आली. फ्रँक एलिस यांनी 1982 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की सत्तरच्या दशकात शेतकऱ्याच्या हाती पडणारी खरी किंमत घसरत गेली, कारण जागतिक भावातला मोठा हिस्सा मंडळांच्या खर्चात आणि करांत जिरत होता. मग 1977 मध्ये पूर्व आफ्रिकी समुदाय मोडला, 1978-79 मध्ये इदी अमीनच्या युगांडाशी युद्ध झाले आणि 1979 मध्ये तेल पुन्हा भडकले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दुकानांत साबण आणि कापडही मिळेनासे झाले होते.

उजामाचा निवाडा

या काळावरचे मतभेद चार दिशांनी जातात, आणि त्यातला प्रत्येक आजही जिवंत आहे.

दार-एस-सलाम विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक इसा शिवजी यांनी 1976 च्या पुस्तकात डावीकडून टीका केली. राष्ट्रीयीकरणाने सत्ता कामगार-शेतकऱ्यांच्या हाती गेली नाही, ती राज्ययंत्रणा चालवणाऱ्या नव्या वर्गाकडे गेली, असे त्यांचे म्हणणे. स्वीडिश राज्यशास्त्रज्ञ योरान हायडेन यांनी 1980 मध्ये नेमकी उलट बाजू घेतली: आफ्रिकेतला छोटा शेतकरी बाजार आणि राज्य या दोघांच्याही पकडीबाहेर आहे, तो नात्यागोत्याच्या आधाराने माघार घेऊ शकतो, म्हणून वरून आलेली कोणतीही योजना त्याच्यापाशी अडते. त्यांच्यावर आक्षेप आला की हा शेतकरी इतका स्वयंपूर्ण कधीच नव्हता. पिढ्यान् पिढ्या तो कॉफी, कापूस, काजू विकत आला होता. माघार त्याने घेतली ती भाव मिळेना म्हणून.

तिसरी दिशा जेम्स स्कॉट यांची. 1998 च्या ग्रंथात त्यांनी टांझानियाच्या ग्रामीकरणाला सोव्हिएत सामूहिक शेतीच्या शेजारी ठेवले. नकाशावर नीट दिसेल अशी रचना करण्याच्या हव्यासात राज्यसत्ता स्थानिक ज्ञान पुसून टाकते, हा त्यांचा सिद्धान्त. चौथा, अलीकडचा सूर थोडा मवाळ आहे. प्रिया लाल यांनी 2015 मध्ये म्त्वारा भागातल्या खेड्यांच्या आठवणींवर आधारलेले पुस्तक लिहिले. त्यात सक्तीची कटुता आहे, आणि सोबत शाळा, विहीर आणि एका राष्ट्राचे असल्याची भावना यांबद्दलचा आदरही आहे.

त्या आदराला आधार आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस प्राथमिक शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण गरीब आफ्रिकी देशांत अपवादात्मक म्हणावे इतके वाढले होते. शंभराहून अधिक भाषिक समूहांचा देश स्वाहिलीने एकत्र बांधला गेला. शेजारच्या देशांनी जे वांशिक रक्तपात पाहिले ते टांझानियाच्या मुख्य भूमीने पाहिले नाहीत, आणि त्याचे श्रेय त्या काळाला देण्यावर बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. आर्थिक अपयश आणि राष्ट्रबांधणीचे यश एकाच धोरणातून आले की एकमेकांपासून वेगळे, यावर मात्र एकमत नाही. माझे मत असे की ते वेगळे करता येतात. शाळा आणि भाषा यांसाठी घरे जाळण्याची गरज नव्हती.

बाजाराकडे

न्येरेरे 1985 मध्ये पायउतार झाले. त्यांच्यानंतर आलेल्या अली हसन म्विन्यी यांनी 1986 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार केला. शिलिंगचे अवमूल्यन झाले, भावनियंत्रणे उठली, आयात मोकळी झाली. 1992 मध्ये बहुपक्षीय पद्धत आली, आणि बेंजामिन म्कापा यांच्या काळात सरकारी कंपन्या विकल्या गेल्या.

समर्थकांच्या मते वाढीचा पाया इथेच घातला गेला. टीकाकार शाळेकडे बोट दाखवतात. फी लावल्यामुळे नव्वदच्या दशकात पटसंख्या घसरली आणि एक पिढी मागे पडली. कर्जमाफी मिळाल्यावर, 2002 च्या शाळाप्रवेशापासून प्राथमिक शिक्षणाची फी रद्द झाली तेव्हा वर्ग अक्षरशः ओसंडून वाहू लागले. दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट अशी की या पर्वात खते, बियाणे आणि शेतकी सल्ला देणारी जुनी सरकारी यंत्रणा गेली, पण खाजगी यंत्रणा दूरच्या गावांपर्यंत पोचली नाही.

वाढ आणि गरिबी: आकडे काय सांगतात

2000 नंतरच्या वाढीचा फायदा कोणाला झाला, यावरचा वाद सर्वांत समृद्ध आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

सरकारी कुटुंबखर्च पाहणीनुसार राष्ट्रीय दारिद्र्यरेषेखालचे प्रमाण 2007 मध्ये 34.4 टक्के, 2011-12 मध्ये 28.2 आणि 2017-18 मध्ये 26.4 टक्के होते. शेवटच्या सहा वर्षांत दोन टक्के गुणांपेक्षाही कमी घट. तेवढ्याच काळात लोकसंख्या इतकी वाढली की गरिबांची संख्या 1.2 कोटींवरून सुमारे 1.4 कोटींवर गेली. प्रचलित स्पष्टीकरण असे: वाढ खाणी, बांधकाम, दूरसंचार आणि वित्तसेवा यांत झाली. त्यांत रोजगार कमी. ज्या शेतीत बहुसंख्य कष्टकरी आहेत ती रखडली.

अँथनी अ‍ॅटकिन्सन आणि मारिया आना लुगो यांनी 2010 मध्ये एक वेगळी शंका काढली. राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे आणि घरोघरच्या पाहण्या एकमेकांशी जुळत नाहीत, मग नेमके काय मोजतो आहोत? मॉर्टन येर्व्हेन यांनी 1961 ते 2001 या काळातल्या टांझानियाच्या वाढीच्या वेगवेगळ्या मालिका समोर ठेवून दाखवले की कोणती मालिका घ्याल त्यावर एकच दशक प्रगतीचे किंवा घसरणीचे ठरू शकते. अनौपचारिक व्यापार, घरी खाल्लेले धान्य, सीमेपलीकडे गेलेली कॉफी यांची मोजदाद अंदाजावर चालते.

डॅन ब्रॉकिंग्टन आणि क्रिस्टीन नोए यांनी 2021 मध्ये संपादित केलेल्या पुस्तकाने चर्चेला आणखी एक वळण दिले. पूर्वी अभ्यासल्या गेलेल्या गावांत संशोधक अनेक वर्षांनी परत गेले, त्याच कुटुंबांना भेटले. पाहण्यांत गरिबी जेमतेम हललेली, पण गावात विटांची घरे, पत्र्याची छपरे, गुरे, मोटारसायकली, मुलांचे माध्यमिक शिक्षण. गावकरी स्वतः म्हणत होते की दिवस पालटले आहेत. दैनंदिन खर्चावर बेतलेली दारिद्र्यरेषा मालमत्तेकडे पाहत नाही. पोट मारून पत्रे घेणारा माणूस पाहणीत जास्त गरीब दिसू शकतो. आक्षेप घेणारे विचारतात की निवडक गावांवरून देशाचा निष्कर्ष कसा काढायचा, आणि दुष्काळात छप्पर खाता येत नाही त्याचे काय. दोन्ही बाजू बरोबर आहेत असे म्हणून सुटणे सोपे आहे. मला वाटते मालमत्तेचा पुरावा गंभीरपणे घ्यावा लागेल, कारण लोक स्वतःची बचत कुठे गुंतवतात हे त्यांनी स्वतः दिलेले उत्तर आहे.

आणखी एक पुरावा वायव्येकडच्या कागेरा भागातला. तिथल्या कुटुंबांचा 1991-94 पासून 2004 पर्यंत माग ठेवला गेला, अगदी गाव सोडून गेलेल्यांचाही. कॅथलीन बीगल, योआखिम दे वेर्ट आणि स्टेफान डेरकॉन यांना दिसले की स्थलांतर केलेल्यांच्या खर्चातली वाढ घरी राहिलेल्यांपेक्षा 36 टक्के गुणांनी जास्त होती. पुढे ल्युक क्रिस्तियान्सन, दे वेर्ट आणि यासुयुकी तोदो यांनी 2013 मध्ये ते कुठे गेले हे पाहिले. गरिबीतून बाहेर पडलेल्यांपैकी साधारण निम्मे शेतीबाहेरच्या ग्रामीण कामांतून किंवा जवळच्या छोट्या गावां-शहरांत जाऊन वर आले. मोठ्या शहरात जाऊन वर आलेला सातांतला एकच. दार-एस-सलामची लोकसंख्या 2022 च्या जनगणनेत 53 लाखांवर गेली आणि सगळे लक्ष तिने खेचले. कागेरात गरिबी कमी करण्याचे मोठे काम मात्र आठवडी बाजार असलेल्या गावांनी आणि बस थांबणाऱ्या लहान शहरांनी केले.

2018 मध्ये संख्याशास्त्राच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि सरकारी आकड्यांना छेद देणारी माहिती प्रसिद्ध करणे गुन्हा ठरला. जागतिक बँकेसह अनेकांच्या विरोधानंतर 2019 मध्ये ती तरतूद सैल झाली. आकड्यांवरचा वाद केवळ विद्यापीठांतला राहिलेला नाही, हे यातून कळावे.

काजू आणि तूर

शेतमालाच्या बाजाराविषयीची दोन मते दोन पिकांतून समजतात, आणि दोन्ही पिके आपल्याकडे येतात.

काजू दक्षिणेकडच्या म्त्वारा आणि लिंडी भागांचे नगदी पीक. 1973-74 मध्ये 1 लाख 45 हजार टन काजू बी निघाली होती. 1986-87 मध्ये ती जेमतेम 16 हजार टनांवर आली. ग्रामीकरणात शेतकरी झाडांपासून दूर गेले, भाव पडले, भुरी रोग पसरला. कोणते कारण किती मोठे यावर शेतीतज्ज्ञांत मतभेद आहेत, पण तिन्ही एकत्र आले हे नक्की. मोकळ्या बाजारात लागवड परत वाढली. मग व्यापाऱ्यांच्या लुटीच्या तक्रारींमुळे 2007 पासून गोदाम पावती पद्धत आली: माल सहकारी संस्थेमार्फत गोदामात जायचा आणि लिलावात विकायचा. उत्पादन 2017-18 मध्ये 3 लाख टनांच्या वर गेले. समर्थक म्हणतात, लिलावाने भाव मिळाला. विरोधक म्हणतात, संस्थेच्या कपातींनी तो कुरतडला आणि पैसे उशिरा आले.

ऑक्टोबर-नोव्हेंबर 2018 मध्ये लिलावात भाव पडले, शेतकऱ्यांनी माल द्यायला नकार दिला. राष्ट्राध्यक्ष जॉन मागुफुली यांनी सगळे पीक 3,300 शिलिंग किलोने सरकार घेईल असे जाहीर केले आणि सैन्याला उचल करायला लावली. शेतकऱ्याला भाव चांगला जाहीर झाला, पण पैसे अनेकांना महिनोन् महिने मिळाले नाहीत आणि सरकारकडे साठलेला माल खपवणे जड गेले. पुढच्या हंगामात लिलाव परत आला. या प्रसंगाकडे काहीजण शेतकऱ्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सरकारचे उदाहरण म्हणून पाहतात, तर काहींना त्यात 1976 ची पुनरावृत्ती दिसते.

बहुतेक काजू बी न फोडता भारत आणि व्हिएतनामला जाते. कोकण आणि गोव्यातल्या कारखान्यांना स्थानिक बी पुरत नाही, ते आफ्रिकी मालावर अवलंबून आहेत. गर देशातच काढावा, रोजगार म्त्वारात राहावा, हे टांझानियाचे जुने स्वप्न. सत्तरच्या दशकात परदेशी कर्जाने उभारलेले यांत्रिक कारखाने बहुतांश बंद पडले. कच्च्या मालाच्या निर्यातीवर कर लावून प्रक्रियेला संरक्षण द्यावे, की तो कर अखेर शेतकऱ्याच्या भावातूनच वजा होतो, हा वाद अजून मिटलेला नाही.

तुरीची गोष्ट मला अधिक बोचते. उत्तरेकडचा बाबाटी जिल्हा भारतासाठी तूर पिकवतो. 2015 मध्ये भारतात तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली तेव्हा तिकडे लागवड वाढली, आणि इकडे विदर्भ-मराठवाड्यातही. 2017 च्या सुरुवातीला आपले शेतकरी 5,050 रुपये हमीभावासाठी खरेदी केंद्रांपुढे रांगेत उभे होते. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने तूर आयातीवर वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली. मोझांबिकचा भारताशी 2016 पासून तूर खरेदीचा करार होता. टांझानियाचा तसा नव्हता. बाबाटीत तेव्हाच काढणी चालू होती. भाव कोसळला, तूर घरात पडून राहिली. लातूरच्या शेतकऱ्याच्या बाजूने तो निर्णय समजण्यासारखा होता. बाबाटीच्या शेतकऱ्याला तो घेतला जातो आहे हे कळण्याचाही मार्ग नव्हता. एकाच खरेदीदारावर विसंबलेल्या पिकात शेतकऱ्याला दोष देणारे आणि सरकारने करार का केला नाही असे विचारणारे, असे दोन सूर तिथे उमटले. 2021 मध्ये भारताने आयात पुन्हा खुली केली.

जमीन कोणाची

1999 चे दोन जमीन कायदे आफ्रिकेत पुरोगामी मानले जातात. सर्व जमीन लोकांच्या वतीने राष्ट्राध्यक्षांकडे विश्वस्त म्हणून आहे, पण गावजमिनीचे व्यवस्थापन ग्रामपरिषदेकडे आहे, आणि स्त्रियांना समान हक्क कागदावर मिळाले आहेत. वाद त्याच्या वापराचा आहे. 2009 मध्ये ‘किलिमो क्वान्झा’ या नावाने शेतीला प्राधान्य जाहीर झाले. 2010 मध्ये दक्षिणेकडच्या पट्ट्यात मोठ्या कंपन्या आणि छोटे शेतकरी यांची सांगड घालणारी ‘सागकॉट’ योजना आली. पाठीराख्यांना भांडवल, सिंचन आणि बाजार दिसत होता. विरोधकांना गावजमिनीचे वर्गीकरण बदलून ती कंपन्यांकडे जाताना दिसत होती. प्रत्यक्षात अनेक मोठे प्रकल्प स्वतःच बुडाले. किलोम्बेरोतली 5,800 हेक्टरची भातशेती कर्जात बुडाली, बागामोयोचा ऊस प्रकल्प रद्द झाला.

पशुपालकांचा प्रश्न अधिक तीव्र आहे. न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्र 1959 मध्ये माणूस, गुरे आणि वन्यजीव एकत्र राहावेत म्हणूनच निर्माण झाले होते. आता तिथली मासाई लोकसंख्या आणि गुरे वाढल्याने परिसर धोक्यात आहे असे सरकार म्हणते आणि कुटुंबांना टांगा प्रांतातल्या म्सोमेरा इथे हलवते. पर्यटन देशाच्या परकीय चलनाचा मोठा स्रोत आहे, हे सरकारच्या बाजूचे वजन. जून 2022 मध्ये शेजारच्या लोलिओंडोत सीमा आखताना चकमक झाली. दवाखाने आणि शाळांचा निधी कमी करून लोकांना जायला भाग पाडले जाते, अशी मासाई संघटनांची तक्रार आहे. स्थलांतर स्वेच्छेचे आहे असे सरकार सांगते, आणि 1973 ची आठवण असलेल्या देशात हे वाक्य लोक काळजीपूर्वक ऐकतात.

खाणींबाबत थोडक्यात. 1998 च्या कायद्याने सोन्याला परदेशी भांडवल आणले, पण देशाला फार थोडे मिळाले यावर आज फारसा वाद नाही. 2017 मध्ये मागुफुली सरकारने खनिज सांद्राची निर्यात थांबवली, अकेशिया कंपनीकडे 190 अब्ज डॉलरचा कर मागितला. शेवटी अकेशियाची पालक कंपनी बॅरिकशी 30 कोटी डॉलर आणि 16 टक्के भागीदारीवर तडजोड झाली. सौदा चांगला की गुंतवणूक बिचकवणारा, याचे उत्तर पुढच्या खाणी किती उघडतात यावर ठरेल.

शाळा आणि दवाखाना

बालमृत्यूंत घडलेले यश मोठे आहे. पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू 1999 च्या पाहणीत हजारी 147 होते, 2022 मध्ये 43 झाले. मच्छरदाण्या, लसी आणि एचआयव्हीची औषधे यांना बहुतेक श्रेय दिले जाते. मातामृत्यूंचा आकडा मात्र वादात आहे. 2015-16 च्या पाहणीत लाखामागे 556, आणि 2022 च्या पाहणीत 104. संयुक्त राष्ट्रांचा 2020 साठीचा अंदाज 238 होता. सुधारणा झाली यावर दुमत नाही, इतकी झाली का यावर आहे.

आणखी एक गोष्ट धान्योत्पादनाचा हिशेब करणाऱ्यांना गोंधळात टाकते. इरिंगा, न्जोम्बे आणि रुक्वा हे मक्याचे कोठार असलेले प्रांत, आणि तिथेच निम्मी किंवा त्याहून जास्त मुले वयाच्या मानाने बुटकी आहेत, म्हणजे दीर्घकाळ कुपोषित. मका भरपूर, पण ताटात दुसरे काही कमी. शेतीच्या हंगामात आयांवर पडणारा कामाचा भार आणि बाळाला दिवसातून मोजक्याच वेळा मिळणारे खाणे, ही कारणे संशोधक सांगतात. पिकांचे उत्पादन वाढले की पोषण आपोआप वाढते, हे गृहीत इथे टिकत नाही.

शाळेत दोन वाद आहेत. पहिला पैशाचा. आयझॅक म्बिटी, कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी 350 शाळांत प्रयोग केला. नुसते अनुदान दिलेल्या शाळांत मुलांचे गुण हलले नाहीत. अनुदानासोबत शिक्षकांना मुलांच्या शिकण्याशी जोडलेला मोबदला दिला तेव्हा फरक पडला. 2016 पासून माध्यमिक शिक्षणही चौथ्या फॉर्मपर्यंत मोफत झाले, वर्ग आणखी भरले, आणि हा धडा आणखी महत्त्वाचा झाला. दुसरा वाद भाषेचा. प्राथमिक शाळा स्वाहिलीत आणि माध्यमिक इंग्रजीत, म्हणजे सातवीनंतर मूल एकदम परक्या भाषेत विज्ञान शिकू लागते. शिक्षणतज्ज्ञ वर्षानुवर्षे स्वाहिलीच्या बाजूने आहेत. पालक मात्र इंग्रजी शाळांसाठी पैसे मोजतात, कारण नोकरीची दारे त्या भाषेत उघडतात. यातली ओढाताण महाराष्ट्रातल्या पालकांना ओळखीची वाटेल.

मुलींबाबत एक ठोस बदल झाला. गरोदर झालेल्या मुलींना शाळेतून काढण्याचे धोरण 2017 मध्ये मागुफुली यांनी जाहीरपणे उचलून धरले होते. त्यांच्यानंतरच्या राष्ट्राध्यक्ष सामिया सुलुहू हसन यांच्या सरकारने नोव्हेंबर 2021 मध्ये अशा मुलींना परत शाळेत बसू द्यायचे ठरवले.

काय सुटलेले नाही

2022 च्या जनगणनेत 6 कोटी 17 लाख माणसे मोजली गेली, दहा वर्षांपूर्वी ती साडेचार कोटींच्या आत होती. वार्षिक वाढ 3.2 टक्के. एका स्त्रीला सरासरी 4.8 मुले. शाळेतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना काम कुठे मिळणार? एक बाजू कारखान्यांवर आणि रेल्वे, रुफिजी नदीवरचे 2,115 मेगावॉटचे जलविद्युत केंद्र, बंदरे यांवर भिस्त ठेवते. दुसरी म्हणते की बहुतेक कामे पुढची वीस वर्षे शेतीत आणि छोट्या शहरांतच निर्माण होणार, तेव्हा पैसा तिथे वळवा. कागेराचा पुरावा पाहता मी दुसरीकडे झुकतो, पण पहिल्या बाजूचा विजेचा मुद्दा नाकारता येत नाही. वीज नसेल तर छोट्या शहरातली गिरणीही चालत नाही.

2025 मध्ये जाहीर झालेल्या ‘दीरा 2050’ या नव्या राष्ट्रीय आराखड्यात एक लाख कोटी डॉलरची अर्थव्यवस्था आणि 7,000 डॉलर दरडोई उत्पन्न ही उद्दिष्टे आहेत. ऑक्टोबर 2025 ची निवडणूक मात्र प्रमुख विरोधी पक्षाला लढता आली नाही. त्याचे नेते टुंडू लिसू देशद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात होते. मतदानाच्या दिवशी निदर्शने पेटली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. शांततेसाठी नावाजलेल्या देशातली ही घटना विकासाच्या अभ्यासकांनाही बाजूला ठेवता येणार नाही, कारण शेतकऱ्याचा, पशुपालकाचा आणि बेरोजगार तरुणाचा आवाज धोरणापर्यंत कोणत्या वाटेने पोचायचा, हा प्रश्न तिथे उघडा पडला.

सत्तेचे केंद्रीकरण आर्थिक बाजूनेही झाले. 1972 मध्ये मोडलेल्या स्थानिक संस्था ऐंशीच्या दशकात परत आल्या, पण 2016 मध्ये मालमत्ता कराची वसुली त्यांच्याकडून काढून केंद्रीय महसूल प्राधिकरणाकडे दिली गेली. वसुली वाढेल असा त्यामागचा युक्तिवाद होता. कागेरात गरिबीतून वर आलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना ज्या खेड्यांनी आणि लहान शहरांनी आधार दिला, त्यांच्या परिषदांकडे बाजारपेठेचा ओटा बांधायला किंवा बसस्थानकाचा रस्ता दुरुस्त करायला स्वतःचा पैसा अपुराच आहे, आणि करवसुलीचे अधिकार त्यांना किती द्यायचे याचा निर्णय राजधानी डोडोमातच होतो.